जुन्या स्प्लेंडरचं वायरिंग : पार्ट बदलायच्या आधी जॉइंट बघा

माझ्याकडे वडिलांची 1997 ची हिरो होंडा स्प्लेंडर आहे. ते नाशिकला सातपूरच्या कंपनीत होते, पहिल्या पाळीला पहाटेच निघायचे आणि थंडी असो पाऊस असो ही गाडी एका किकमध्ये चालू व्हायची, त्यामुळे ती विकायचा विषयच आमच्या घरात निघत नाही. मागच्या पावसाळ्यात तिला एक वेगळाच आजार लागला. सरळ रस्त्याला मस्त पळायची आणि मुंबई नाक्याच्या सर्कलला गर्दीत हळू करून हँडल वळवलं की बंद. मागून बस, रिक्षा, सगळे हॉर्न मारतायत, ढकलत कडेला आणायची, किक मारली की लगेच चालू. गॅरेजमध्ये दाखवली तर आधी प्लग बदलला, मग इग्निशन कॉइल, मग सीडीआय (स्पार्क कधी पडायचा ते ठरवणारी इलेक्ट्रॉनिक डबी), शेवटी बॅटरी पण नवीन टाकायला लावली. अडीच-तीन हजार गेले आणि गाडी दुसऱ्या दिवशी त्याच सर्कलला बंद.

शेवटी एका रविवारी स्वतःच टाकी उतरवून बसलो. हँडलच्या नेकपाशी जिथून सगळा वायरिंगचा जुडगा वळून पुढे डूममध्ये, म्हणजे हेडलाइटच्या डब्यात जातो तिथे एका काळ्या-पांढऱ्या वायरचं इन्सुलेशन घासून घासून गेलं होतं, तांबं उघडं पडलेलं, आणि हँडल जास्त वळलं की ते तांबं फ्रेमला टेकायचं. बस, एवढंच होतं. सेंटीमीटरभर वायर.

हे सगळं सांगायचं कारण की जुन्या गाडीत खराब होतात ते बहुतेक वेळा पार्ट नसतात, जॉइंट असतात. कपलरमधली (वायरी जोडायच्या प्लास्टिकच्या जोडातली) पिन, बोल्टखालचं अर्थिंग (फ्रेममधून बॅटरीच्या मायनसला परत जायचा रस्ता), वळणावर घासलेली वायर, स्विचच्या आतला हिरवा पडलेला कॉन्टॅक्ट. पण दुकानात पार्ट मिळतो, जॉइंट मिळत नाही, म्हणून पार्ट बदलले जातात. खाली लिहिलंय ते सगळं मी माझ्या गाडीवर आणि नात्यागोत्यातल्या पाच-सहा गाड्यांवर करून बघितलेलं आहे.

सामान काय लागतं

एक साधा डिजिटल मल्टिमीटर, एमजी रोडला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तीन-चारशेत येतो तो चालतो. दहाचा पाना, स्टार स्क्रूड्रायव्हर, बारीक पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, थोडी वायर, थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी), हीट श्रिंक ट्यूब (गरम केली की वायरवर आवळून बसणारी नळी). आणि एक टेस्ट लँप, तो विकत घेऊ नका, घरीच करा. जुन्या इंडिकेटरचा होल्डर घ्या, त्यात 12 व्होल्ट 21 वॅटचा बल्ब टाका, दोन हात-हातभर लांब वायरी जोडा आणि टोकाला क्रोकोडाइल क्लिपा.

मीटर असताना टेस्ट लँप कशाला असं वाटेल, पण माझ्या मते जुन्या वायरिंगमध्ये मीटरपेक्षा लँप जास्त खरं बोलतो. कारण मीटर करंट जवळपास घेतच नाही. समजा वायरच्या आतल्या सगळ्या तारा तुटून एकच केसाएवढी तार शिल्लक राहिलीय, तर मीटर तिथे सुद्धा 12 व्होल्ट दाखवणार आणि तुम्ही म्हणणार इथपर्यंत सप्लाय ओके आहे. त्याच ठिकाणी 21 वॅटचा बल्ब लावा, त्याला पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट लागतो, तो त्या एका तारेतून येत नाही, बल्ब मिणमिणतो आणि चोर सापडतो.

आधी गाडीचं डोकं समजून घ्या

जुन्या स्प्लेंडर, सीडी 100 वगैरे गाड्यांमध्ये दोन वेगळ्या दुनिया आहेत. मॅग्नेटच्या (इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाच्या) कॉइलमधून थेट येणारा एसी करंट हेडलाइट आणि टेल लँपला जातो, म्हणून इंजिन बंद असताना हेडलाइट लागतच नाही आणि रेस केली की उजेड वाढतो. दुसरीकडे हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाइट, न्यूट्रलचा दिवा हे बॅटरीवर. आणि स्पार्क? त्याला मॅग्नेटमध्येच वेगळी कॉइल आहे, बॅटरीशी त्याचा संबंध नाही. बॅटरी काढून घरी ठेवली तरी ही गाडी किकवर चालू होते. मला जो माणूस नवी बॅटरी टाकायला लावत होता त्याने एवढं जरी आठवलं असतं तरी माझे पैसे वाचले असते.

एवढं कळलं की अर्धं काम तिथेच होतं. हेडलाइट चांगला पण हॉर्न इंडिकेटर ब्रेक लाइट तिन्ही मेलेले, तर फ्यूज किंवा बॅटरी बघा, बाकी कुठे हात लावू नका. फक्त हॉर्न मेलाय तर फ्यूज चांगलाच आहे, हॉर्न किंवा त्याचं बटण बघा. रेस केली की बल्ब उडतायत, हेडलाइट गेला, पाठोपाठ टेल गेला, तर रेग्युलेटर (व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा पार्ट) किंवा त्याचं अर्थिंग. आणि गाडी चालू होत नाही पण हॉर्न मस्त वाजतोय, तर त्या हॉर्नवरून स्पार्कबद्दल काहीच कळत नाही, दोन्ही रस्ते वेगळे आहेत.

पॉइंटवाल्या (सीडीआयऐवजी उघडझाप करणारा कॉन्टॅक्ट असलेल्या) जुन्या बुलेटचं मात्र उलट, तिथे स्पार्क बॅटरीवर असतो, बॅटरी पडली की गाडी पडली. त्यात पॉइंटचं गॅप 0.35 ते 0.40 मिलिमीटर ठेवायचं, पॉइंट काळे पडून त्यांच्यामध्येच मोठी ठिणगी दिसायला लागली की कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी शोषून घेणारा पार्ट) संशयित धरायचा. टाकीपुढचा तो अँपिअरचा काटा असेल तर तो काढून टाकू नका, इंडिकेटर लावल्यावर काटा डुलतो की नाही एवढ्यावरून बरंच कळतं.

रंग पण पाठ करून ठेवा, होंडाच्या पद्धतीत हिरवी म्हणजे अर्थ, लाल म्हणजे बॅटरीचा प्लस, काळी म्हणजे चावी ऑन केल्यावर येणारा प्लस, नारिंगी डावा इंडिकेटर, फिकट निळी उजवा, हिरवी-पिवळी ब्रेक लाइट. कुणी मधे वायर बदलताना हाताला येईल तो रंग जोडलेला असतो, तेव्हा रंगावर विश्वास ठेवा पण मीटर लावून.

बॅटरी आणि फ्यूज

बॅटरीचं माप इंजिन बंद ठेवून घ्या, रात्रभर गाडी उभी असेल तर उत्तम. 12.6 च्या वर म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे साधारण अर्धी, 12 च्या खाली म्हणजे रिकामी. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, ब्रेक दाबून धरा आणि हॉर्न वाजवा आणि तेव्हा मीटर बघा. 11 च्या पण खाली कोसळत असेल आणि चार्ज करून सुद्धा तेच होत असेल तर ती बॅटरी संपली. चार्जिंगबद्दल एक कळकळीची विनंती, ही 2.5 अँपिअर-अवरची एवढीशी बॅटरी असते, तिला पाव अँपिअरने दहा-बारा तास चार्ज करायचं असतं, ट्रकच्या बॅटरीशेजारी त्याच चार्जरला दोन तास लावली की ती आतून उकळते आणि महिनाभरात जाते. पाण्याची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच, दोन रेघांच्या मधे, नळाचं पाणी नाही. टर्मिनलवर पांढरं-हिरवं पीठ साठलेलं असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा. काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी, नाहीतर पाना फ्रेमला लागला की मोठी ठिणगी.

फ्यूज काचेचा असतो, बॅटरीच्या जवळच. काच बघून चांगला म्हणू नका, काढून मीटरने कंटिन्युइटी (आतली तार सलग आहे का) बघा, आणि होल्डरची टोकं पॉलिश पेपरने घासा, किती वेळा फ्यूज धडधाकट असतो आणि होल्डर हिरवा झालेला असतो. जेवढ्या अँपिअरचा होता तेवढ्याचाच टाका. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून चालवलेल्या गाड्या मी बघितल्यात, त्यात शॉर्ट झाल्यावर फ्यूजऐवजी अख्खा हार्नेस, म्हणजे वायरिंगचा जुडगा, वितळतो, तेही पेट्रोलच्या टाकीखाली.

फ्यूज परत परत उडत असेल तर इथे तो टेस्ट लँप कामाला येतो आणि ही युक्ती मला फार आवडते. फ्यूज काढा, त्याच्या जागी लँपच्या दोन क्लिपा लावा, चावी ऑन करा, हॉर्न-इंडिकेटर-ब्रेक सगळं बंद ठेवा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण उजेडाने पेटेल, पण बल्बमुळे करंट मर्यादेत राहतो, म्हणजे फ्यूज जळत नाहीत आणि वायर पण जळत नाही. आता निवांत एकेक कपलर काढत चला, हार्नेस हाताने हलवत चला, हँडल वळवा, ज्या क्षणी बल्ब विझला किंवा मंद झाला त्या फांदीत शॉर्ट आहे. चावी ऑन केल्यावर बल्ब पेटला नाही आणि ब्रेक दाबल्यावरच पूर्ण पेटला तर ब्रेक लाइटच्या वायरमध्ये बघा, बहुतेक मागच्या मडगार्डखाली टायरला घासलेली असते.

अर्थिंग

हा भाग सगळ्यात जास्त लक्ष देऊन वाचा, कारण ज्या तक्रारींना लोक भुताटकी म्हणतात त्या नव्वद टक्के इथल्या असतात. इंडिकेटर लावला की त्याच्या तालावर दुसराच कुठला तरी दिवा मिचमिचतो, ब्रेक दाबला की हॉर्नचा आवाज बसतो, डावा लावला तर उजवा पण हलकासा पेटतो. कारण साधं आहे, करंटला बॅटरीच्या मायनसला परत जायचंच असतं, त्याचा नेहमीचा रस्ता गंजला की तो दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो आणि तो बल्ब अर्धवट पेटतो.

तपासायचं असं. मीटर डीसी 20 व्होल्टवर, काळी पिन बॅटरीच्या मायनसला, लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूला, आणि कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. मग लाल पिन फ्रेमला, मग मागच्या बल्बच्या होल्डरच्या पत्र्याला. कुठेही 0.2-0.3 व्होल्टच्या वर दिसलं तर तिथला रस्ता खराब. लोड (इथे ब्रेक लाइट) चालू असतानाच मोजा, लोड नसताना सगळं शून्यच दिसतं आणि आपण फसतो. खराब ठिकाण सापडलं की बोल्ट काढा, खालचा रंग आणि गंज चकचकीत होईपर्यंत घासा, नवं थिंबल लावा, घट्ट आवळा आणि वरून थोडं व्हॅसलीन लावा म्हणजे पाणी शिरणार नाही.

हल्ली जुन्या गाड्या रिस्टोर करायचं वेड आहे आणि ते चांगलंच आहे, पण फ्रेम पावडर कोटिंग करून आणली की अर्थच्या बोल्टखाली पण जाड रंग बसतो, गाडी नव्यासारखी दिसते आणि एक दिवा धड लागत नाही. तिथला रंग खरवडावाच लागतो. जीवावर येतं, पण इलाज नाही.

दिंडोरी-निफाडकडच्या बागायतदारांच्या गाड्यांमध्ये मला आणखी एक दिसलं. द्राक्षबागेत गंधकाची भुकटी आणि मोरचुदाची औषधं मारतात, पोती-कॅन गाडीवरच आणतात, त्यामुळे डूममधली आणि सीटखालची कपलर एकतर काळीठिक्कर नाहीतर हिरवीगार. माझ्या मामेभावाच्या गाडीचे दोन्ही इंडिकेटर आणि हॉर्न डूम उघडून फक्त क्लीनर मारून, पिना घासून परत घट्ट बसवल्यावर चालू झाले, एकही पार्ट न घेता. शेतात जाणारी गाडी असेल तर वर्षातून एकदा, छाटणीच्या आधी म्हणा, डूम उघडाच.

चार्जिंग

इंजिन चालू, मीटर बॅटरीवर, मध्यम रेस. 13.5 ते 14.5 च्या दरम्यान आलं तर चार्जिंग ठीक. 12.5 लाच अडकलं तर चार्जिंग होत नाहीये, 15 च्या वर पळालं तर रेग्युलेटर गेला, आणि तो तसाच ठेवला तर नवी बॅटरी पण खाणार. चार्जिंग होत नसेल तर रेग्युलेटर विकत घ्यायच्या आधी त्याचा कपलर काढून बघा, पिन तापून तपकिरी झालीय का, अर्थ पोचतोय का. नंतर मॅग्नेटकडून येणाऱ्या वायरी त्या कपलरपाशीच सोडवून अर्थशी ओममध्ये मोजा, कॉइलचं अगदी थोडं, एखाद-दुसरा ओम, रेझिस्टन्स दिसायला हवा. एवढं बारीक मोजताना आधी मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून बघा, पिनांचाच काही अंश ओम असतो, तो वजा करा.

स्पार्क नाही

आधी खात्री करा की प्रश्न करंटचाच आहे. वीस किलोमीटर चालून गाडी बंद पडते आणि अर्ध्या तासाने चालू होते, अशी तक्रार असेल तर बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडा. लगेच चालू झाली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, करंटचा काही दोष नाही. झाकण उघडून पण फरक नसेल तर कॉइल तापल्यावर आतून उघडतेय असं समजा आणि ती गरम असतानाच मोजा, थंड झाल्यावर तिचं माप अगदी बरोबर येतं आणि आपण तिला निर्दोष ठरवतो.

स्पार्क बघताना प्लग काढून कॅपमध्ये घालून त्याचा धातू हेडला नीट टेकवून किक मारा, प्लगच्या भोकापासून लांब, तिथून पेट्रोलची वाफ येते. निळा टणक स्पार्क पाहिजे. नसेल तर प्लग कॅप फिरवून काढा, तो वायरवर आट्यांनी बसलेला असतो, वायरचं टोक पाचेक मिलिमीटर कापून ताजं तांबं काढा आणि परत फिरवून बसवा.

तरी नसेल तर पुढची पायरी बहुतेक जण चुकवतात. या गाड्यांमध्ये चावी बंद करणे म्हणजे सप्लाय तोडणे नव्हे, तर सीडीआयकडून येणारी ती काळी-पांढरी वायर अर्थला लावणे. म्हणजे ती वायर कुठेही फ्रेमला टेकली किंवा इग्निशन लॉकमध्ये पाणी गेलं की चावी ऑन असून सुद्धा गाडीला वाटतं बंद केलंय. म्हणून सीडीआयच्या कपलरपाशी ती एक वायर सोडवा आणि किक मारा. स्पार्क आला? मग सीडीआय, कॉइल, मॅग्नेट सगळं निर्दोष, दोष त्या वायरमध्ये किंवा लॉकमध्ये. माझ्या गाडीत हे दोन मिनिटांत कळलं असतं. फक्त लक्षात ठेवा की वायर सोडवलेली असताना चावीने गाडी बंद होत नाही, गिअर टाकून ब्रेक दाबून क्लच सोडावा लागतो, म्हणून फक्त तपासण्यापुरतं करा, तशी चालवू नका.

ती सोडवून पण स्पार्क नसेल तर एक्सायटर (स्पार्कला वीज देणारी) आणि पिकअप (स्पार्कची वेळ सांगणारी) कॉइल ओममध्ये मोजा, शून्य पण नको आणि ओपन (आत तार तुटलेली) पण नको, नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या. मग इग्निशन कॉइलचं अर्थिंग. सीडीआय सगळ्यात शेवटी, आणि तो सुद्धा विकत घेऊन नाही, ओळखीतल्या कुणाच्या तशाच गाडीचा दहा मिनिटं लावून.

इंडिकेटर, स्विच, पावसाळा

इंडिकेटर एका बाजूला फटाफट लागतो म्हणजे त्या बाजूचा एक बल्ब गेलाय किंवा कमी वॅटचा बसलाय. चारही एलईडी केले असतील तर जुना फ्लॅशर (इंडिकेटर मिचमिचवणारा पार्ट) चालत नाही, इलेक्ट्रॉनिक घ्या. हँडलचा स्विच उघडताना खाली फडकं पसरा, आतली बारीक स्प्रिंग आणि गोळी उडते आणि मग सापडत नाही. मागचा ब्रेक लाइट लागत नसेल किंवा सतत लागत असेल तर फुटब्रेकच्या स्विचचं नट फिरवून बघा, निम्म्या वेळी तेवढंच असतं.

पावसात धुलाईच्या प्रेशरचा फवारा हेडलाइटच्या मागे, सीटखाली आणि मॅग्नेटच्या बाजूला मारू देऊ नका, त्र्यंबकच्या पावसात पाणी जात नाही तिथे तो फवारा नेतो. आणि ज्यांच्या गाड्या गोदाघाटावर पुरात सापडतात, दुतोंड्या मारुतीच्या (घाटावरच्या ज्या मूर्तीवरून नाशिककर पुराची पातळी बघतात तिच्या) कमरेला पाणी लागलं की पार्किंगची काय अवस्था होते ते आपण 2019 च्या ऑगस्टमध्ये पाहिलंय, त्यांनी चालू होते का बघायला किक मारू नये. आधी बॅटरीचा मायनस काढा, इंजिनमधलं ऑइल आणि पाणी काढून घ्या, गाळ गेलेली सगळी कपलर साध्या पाण्याने धुऊन दोन दिवस वाळवा, मग क्लीनर मारा.

जोडायचं कसं

वायर पिळून वर काळी टेप, हे करू नका. उन्हाने टेपचा गोंद वितळतो, सुटते, पाणी शिरतं आणि पुढच्या जुलैत तीच जागा परत. दोन्ही टोकं ताज्या तांब्यापर्यंत सोला, वायर काळी पडलेली असेल तर अजून मागे कापा, जॉइनर दाबून घट्ट बसवा किंवा सोल्डर करा, वर हीट श्रिंक. पण जिथे वायर सतत वाकते, म्हणजे नेकपाशी, तिथे सोल्डर नको, सोल्डरच्या कडेला वायर कडक होऊन तुटते. तिथे जॉइंट पुढे किंवा मागे सरकवा आणि मधे अखंड वायर टाका, त्याच जाडीची, शक्यतो त्याच रंगाची. नेकपाशी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा जुडग्यावर चढवला की घासणं थांबतं, मी तेच केलंय. बांधताना थोडी ढील ठेवा.

सगळं बसवल्यावर टाकीचे बोल्ट आवळायच्या आधी इंजिन आयडलला ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, चार-पाच वेळा फिरवा, त्याच वेळी ब्रेक दाबा, हॉर्न मारा, इंडिकेटर लावा. कुठे आवाज बदलला, उजेड हलला, इंजिन चुकलं तर अजून एक जागा बाकी आहे, तेव्हाच शोधा. माझी गाडी या परीक्षेतून गेली आणि त्याच संध्याकाळी मी मुंबई नाक्याला तिला तीन फेऱ्या मारून आणल्या. साइड कव्हरच्या आत आता दोन फ्यूज, हातभर वायर आणि तो टेस्ट लँप कायमचा ठेवलेला आहे.